खोली न्हाई, कारकाना

अक्का, आज नववा दिवस. तू गेल्यापासून तुझे चारही माग बंद आहेत, आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या मला दुपारची झोप येईना झालीय. पाच वर्षं मी तुझ्या नावानं बोटं मोडली. जेवून जरा आडवं व्हावं, तर मागून सुरू खट-खट, खट-खट. ही बाई दुपारची तासभर तरी थांबेल तर शपथ! पण बोलायची सोय नव्हती. मागांचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना काडीचा त्रास होत नाही, हे मीच माझ्या हातानं टाइप करून सरकारला कळवलेलं. मग कुठल्या तोंडानं भांडणार?

आता मस्त शांतता आहे, आणि मी उशाला हात घेऊन जागी आहे. सारखं वाटतं, सुरू होईल आत्ता. तू सुताच्या कांड्या भरत बसली असशील, सुनेला काहीतरी तेलुगूत ओरडशील, आणि पहिला धोटा सुटेल. मेल्या सवयीचं काय करायचं असतं, ते कुणी सांगत नाही बघ.

तुला अक्का म्हणायचं आणि अगं-तुगं करायचं, हाही तुझाच हुकूम. मी आधी 'तुम्ही' म्हणत होते. तर तू कावलीस, "अक्का म्हणतीस आन वर तुमी म्हणतीस? मी काय मामलेदार हाय? एक काय त्ये धर की." मी 'तू' धरलं. तुझ्याहून वीस वर्षांनी लहान, जातीनं निराळी, बोलायला फटकळ, लग्नाचं वय उलटून गेलेली मी. बाकी गल्ली माझ्याशी जपून बोलायची. तू कधी जपून बोलली नाहीस.

पहिल्यांदा आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मी पुढच्या खोलीत वडिलांच्या मराठी मशिनवर जॉब टायपिंग करत बसलेले. वडील म्युनिसिपालटीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. ते गेल्यावर त्यांचं मशिन आणि त्यांचं 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' दोन्ही माझ्याकडे आलं. तू कापडी पिशवीतून जागेचे कागद काढलेस, खुर्चीकडं पाहिलंसुद्धा नाहीस, सरळ फरशीवर बसलीस आणि म्हणालीस, "टैपबाई, एक अर्ज मारून दे."

"कशाचा अर्ज?"

"लिव. माजं घर हाय. घराच्या मागं जागा हाय. तितं मला कारकाना बांदायचा हाय. परवानगी दे म्हनाव."

मी तुझं सगळं बोलणं धुऊन इस्त्री करून कागदावर घेतलं. 'सदर', 'उपरोक्त', 'विनंती विशेष', काही म्हणून ठेवलं नाही. फक्त एक शब्द जसाच्या तसा राहू दिला. तू 'क' म्हणालीस तिथं 'ख' केला, एवढाच काय तो फरक. कारण मला त्यात खटकलंच नाही काही. मी सोलापुरातच जन्मलेली. आमच्या कानाला धुराडं आणि भोंगा असलेली ती गिरणी. कारखाना म्हणजे चार माग, मागापुढं पाय सोडायला खणलेले चार खड्डे, आणि भिंतीला टेकून कांड्या भरणारी कुणाची तरी बायको. गल्लीबोळात असे कारखाने पाहतच मोठी झाले. कारखाना म्हटल्यावर कुणाला दुसरं काही दिसत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

म्युनिसिपालटीच्या साहेबाला दिसलं. साहेब बाहेरगावचे, नव्यानं आलेले. महिन्या-दीड महिन्यानं कागद आला. मी तुला वाचून दाखवला, 'सदर जागा रहिवासी विभागात मोडत असल्याने तेथे कारखान्यास परवानगी देता येत नाही, सबब अर्ज नामंजूर.'

तू विचारलंस, "रहिवासी म्हंजी?"

"जिथं माणसं राहतात ती जागा."

"मग? मी काय भूत हाय?"

मला हसू आलं, तुला आलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसात गेले. भिंतीवर शहराचा नकाशा लावलेला. माणसांच्या राहण्याच्या जागा पिवळ्या, कारखान्यांच्या जांभळ्या. आपली अख्खी गल्ली हळदीत बुडवल्यासारखी पिवळी. कारकून म्हणाला, "बाई, पिवळ्यात कारखाना? चिमणी बांधणार का घराच्या मागं?" तिथल्या तिथं मी कपाळावर हात मारून घेतला. तुझी जागा चांगली, कागद चांगले, घरात हातमाग चालवायला कुणाची ना नाही. आड आला तो एक शब्द, आणि तो टाइप केला मी. वडील असते तर त्यांनी विचारलं असतं, माग किती, हाताचे का विजेचे. मला 'उपरोक्त'चा सोस.

हे सगळं मी तुला कबूल केलं, हे तरी तू मान्य करशील. घरी येऊन सांगितलं, माझी चूक झाली, घाबरू नको, चाळीस दिवसांच्या आत वर अपील करता येतं. पुण्याचे साहेब इथं येऊन सुनावणी घेतील. फक्त अपिलात कारखाना शब्द काढू. 'विणकामाची खोली' असं लिहू. आणि तू म्हणालीस, "न्हाई."

किती भांडलो गं आपण! मी म्हणाले, हट्ट सोड, शब्द बदलला म्हणून माग बदलत नाहीत. तू म्हणालीस, "खोली पायजे व्हती तर खोली हाय की. खोलीत मी झोपतीच रोज." मी म्हणाले, त्यांना कळत नाही तर आपण कळेल असं लिहावं. तू म्हणालीस, "त्येंला कळत न्हाई तर त्येंनी शिकावं." मग मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही. मी म्हणाले, "नुसत्या शब्दानं पोट भरतं का अक्का?"

"तुजं भरतंय की," तू म्हणालीस. "तू शब्दच मारतीस."

 आणि मग तू आवाज खाली घेऊन नवऱ्याचं सांगितलंस. एरवी कधी त्याचं नाव काढत नव्हतीस. बावीस वर्षं तो दुसऱ्याच्या मागावर बसला. "कुणी इचारलं, कुटं असतोस, तर म्हनायचा अमक्याच्या कारकान्यात. त्यो गेला तवा लोकं आली, ती बी म्हनाली, अमक्याच्या कारकान्यातला गेला. मरून बी दुसऱ्याच्याच कारकान्यात. मी विड्या वळून ही जागा घेतली ती खोलीसाटी न्हाई घेतली." एवढं बोलून तू पिशवी उचललीस आणि निघून गेलीस.

आठवडाभर आपण बोललो नाही. तू दारावरून जायचीस ती मान ताठ करून. मी मशिन जोरजोरात बडवायचे, तुला ऐकू जावं म्हणून. दिवस निघून चालले होते. शेवटी तूच आलीस. म्हणालीस, तुला लिहायचं तसं लिही, पण कारकाना ठेव. मी म्हटलं, ठेवते.

अक्का, ठेवला नाही मी.

मला भीती वाटत होती. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच पिवळा रंग, पुन्हा नामंजूर. मग दुसऱ्यांदा तुला काय तोंड दाखवणार? मी सात ठिकाणी 'विणकामाची खोली' असं टाइप केलं. तुला तेलुगू थोडंफार वाचता यायचं, मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तू फरशीवर बसलीस, मी कागद समोर धरला आणि मोठ्यानं वाचला. जिथं जिथं खोली होतं, तिथं तिथं कारखाना म्हटलं. सातही वेळा. एकदासुद्धा अडखळले नाही, इतकं सफाईनं वाचलं.

तू डोळे मिटून ऐकलंस. अंगठा उठवलास. मग उठता उठता माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बिड्डा, लई चांगलं लिवलंस." बिड्डा म्हणजे लेकरू, हे मला ठाऊक होतं. तोवर मी तुझ्यासाठी टैपबाई होते. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता, आणि तो आला तो नेमका त्या मिनिटाला. त्या रात्री मी जेवले नाही. पण कागद बदललाही नाही.

सुनावणीला तू, तुझी सून लक्ष्मी, तिच्या कडेवर दोन महिन्यांची पोर आणि मी, अशा चौघी गेलो. तू कडक इस्त्रीचं लुगडं नेसली होतीस, दुसऱ्याच्या मागावर स्वतः विणलेलं. पुण्याचे साहेब चष्मा लावून बसले होते. सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी तुझं नाव पुकारलं, कागद उचलला, आणि माझ्या दुर्दैवानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'अर्जदारास आपले राहते घराचे मागील बाजूस विणकामाची खोली...'

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही पाहिलंस. राग असता तर मी निभावून नेलं असतं. गर्दीत ओळखीचं माणूस वाटून हाक मारावी आणि त्यानं मान वळवल्यावर दुसराच कुणी निघावा, तसं पाहिलंस. साहेब पुढं वाचत होते, पुन्हा खोली, पुन्हा खोली. तिसऱ्या खोलीला तू उभी राहिलीस.

"साहेब, खोली न्हाई. कारकाना."

 मी तुझा पदर ओढला, तू झटकलास. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मूळ अर्जात कारखाना, अपिलात खोली. बाई, नक्की काय आहे? धूर किती निघतो? भोंगा असतो का?"

तू हसलीस. अगदी खळखळून. "ऐयो, भोंगा गिरनीला असतोय साहेब! गिरनी येगळी."

"गिरणी म्हणजे पिठाची?"

"पिटाची न्हाई वो, कापडाची! ती मोटी, शेटची. कारकाना बारका, आमचा. चार माग, चार खड्डे. मी, माज्या दोन सुना, आन थोरला ल्येक. हातानं मारायचं, पायानं दाबायचं. धूर कशाचा निगंल? चुलीचा निगतोय, त्यो तुमच्या घरी बी निगत आसंल की."

साहेब म्हणाले, "आणि आवाज? शेजाऱ्यांची झोपमोड?"

तू लक्ष्मीच्या कडेवरची पोर घेतलीस आणि थेट त्यांच्या टेबलापुढं धरलीस. "इची आई आत्ता दुसऱ्याच्या कारकान्यात बसती. ही मागाच्या खड्ड्याच्या कडंला झोपती, आईच्या पायाशी. माग थांबला की उटती, चालू झाला की झोपती. इच्यापरीस ल्हान शेजारी कुनी न्हाई माजा. इला इचारा."

सगळी खोली हसली. साहेबही हसले. मग ते माझ्याकडं वळले. "अपील तुम्ही लिहिलंत?" मी हो म्हटलं. "इथं हातमागाच्या घराला कारखाना म्हणतात, एवढी एक ओळ तुम्ही का नाही घातली? शब्द लपवलात कशाला?"

  तुझा शब्दही राहिला असता, परवानगीही मिळाली असती, एका ओळीचं काम होतं. इतकी पानं बडवणाऱ्या मला ती ओळ सुचली नाही, कारण तू अडाणी आणि मी शहाणी, हे मी मनात आधीच ठरवून टाकलं होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. आज बोलते आहे, तर ऐकायला तू नाहीस.

परतताना टांग्यात मी ठरवत होते, घर आलं की पाय धरायचे. घर आलं. तू म्हणालीस, "भूक लागली असंल. चल." आणि तुझ्या चुलीपुढं बसवून मला चिंचेचं चारू, आमच्याकडचं सार, आणि भात वाढलास. वर शेंगदाण्याची चटणी, तिच्यावर तेलाची धार. मी जेवत राहिले, तू वाढत राहिलीस. माझ्या तोंडात घासही होता आणि माफीही होती, त्यातला घास तेवढा खाली गेला.

परवानगीचा हुकूम आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. विजेची मोटर बसवायची नाही या अटीवर 'हातमागाचे चार माग (अर्जदार ज्यास कारखाना म्हणतात)' यांस मंजुरी. मी तो वाचला, आनंदानं ओरडूनच वाचला. तू म्हणालीस, "परत वाच." परत वाचला. मग म्हणालीस, "कारकाना कुटं लिवलंय? तितं बोट ठेव."

मी बोट ठेवलं.  तू वाकून त्या अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिलीस. माझ्या वाचण्यावर आता तुझा भरवसा नव्हता, आणि तो का नव्हता, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्या नातीची पाटी घेऊन तू माझ्या दारात हजर. "शिकव," म्हणालीस. बस्स, एवढंच.

ती शिक्षा होती का गं? मी ती शिक्षा समजूनच सुरुवात केली आणि कधी तिची गोडी लागली, कळलं नाही. नारळी पौर्णिमेला तुझ्या मागांची पूजा झाली, कारखाना सुरू झाला. मी म्हटलं, बाहेर पाटी लाव की. तू म्हणालीस, "पाटी कशाला? आवाज हाय की." त्यानंतरही तू रोज अर्धा तास यायचीस. बाकीची अक्षरं सरळ गिरवलीस, पण 'ख'वर आपलं कायम वाजायचं. तुला मशिनच्या कळा बघायच्या असायच्या. माझ्या मशिनवर क एका कळीत उठतो आणि 'ख'ला दोन दाबाव्या लागतात. तू म्हणायचीस, "दोनदा कशाला दाबतीस? एकदा क मार की, समजतंय." मी शुद्धलेखनावर भाषण द्यायचे. तू पेंगायचीस. तुझ्या तोंडून शेवटपर्यंत ख निघाला नाही, आणि पाटीवरही तो कधी धड उमटला नाही. मी दर वेळी पुसून नीट करायचे, तू दर वेळी पुन्हा क काढायचीस.

या पाच वर्षांत मी रोज वाट पाहिली, की आज तू विचारशील, टैपबाई, त्या दिवशी खोटं का वाचलंस? म्हणजे मला बोलता येईल. तू विचारलं नाहीस. मला वाटायचं, विसरली असेल. मग वाटायचं, मनात धरून आहे. बिड्डा म्हणून हाक मारलीस की पहिलं खरं वाटायचं, माझ्या हातातला कागद स्वतः घेऊन डोळ्यांजवळ धरलास की दुसरं. आणि मी अशी भित्री, की तू विचारत नाहीस याबद्दल मनातून तुझे आभार मानत राहिले. तू मला घर दिलंस, दुपार दिलीस, हक्कानं भांडायला माणूस दिलंस. माझ्याकडून एक वाक्य यायचं होतं, तेवढं मी दिलं नाही.

काल लक्ष्मी आली. डोळे सुजलेले, हातात एक घडी घातलेला कागद. तुझ्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी सापडला म्हणाली. "टैपबाई, बगा जरा. कामाचा हाय का, का टाकू?"

कार्बन कॉपी होती. माझ्या अपिलाची. मला वाटलं होतं, ती कधीच चुलीत गेली असेल. मी उलगडली. विणकामाची खोली, विणकामाची खोली, सात ठिकाणी. आणि सातही ठिकाणी तू पेन्सिलीनं ते खोडलेलं होतंस. कापडावर खुणा करायची तुझी ती निळी पेन्सिल. वर वाकड्या, मोठ्या, जोर देऊन काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतंस, 'कारकाना'. पहिल्या दोन ठिकाणी काना भलतीकडं गेलाय, कागद फाटायला आलाय. सातव्यापर्यंत हात बसलेला दिसतो. ख एकाही ठिकाणी नाही.

सवयीनं माझा हात लाल पेन्सिलीकडं गेला. मग मी ती खाली ठेवली.

लक्ष्मी उभीच होती. तिनं विचारलं, "काय लिवलंय वो आक्कानं?" मी तिला खाली बसवलं आणि मीही तुझ्या जागेवर, फरशीवर बसले. कागद समोर धरला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. मधे मधे थांबावं लागलं, चष्मा पुसावा लागला, या वेळी सफाई नव्हती. पाच वर्षांपूर्वी याच जागी मी तुला जे वाचून दाखवलं होतं, शब्दाला शब्द तेच होतं. फक्त या वेळी कागदावर होतं तेच मी वाचलं, अक्का. सातही वेळा, तू लिहिलंस तसं. कारकाना.